एका नंबरच्या पोरी

सरिता पॅकिंगमधून वर ऑफिसात गेली, त्या दिवशी खाली पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिचा डबा एकटीचा झाला. वर एसी होता, खुर्ची गोल फिरायची, आणि बोलायला कुणी म्हणजे कुणीच नव्हतं! गलोंड्याच्या त्या सूत कारखान्यात वरची आणि खालची जेवणाची सुट्टी वेगळी. संध्याकाळी जवळच्या अथाल गावात, सगळ्या मिळून राहायच्या त्या खोलीवर भेट व्हायची, तर "आल्या मॅडम!" म्हणून पोरी आपापल्या कामाला लागायच्या.

त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. खानदेशातल्या पोरीला आखाजीला माहेर हवंच. झोका हवा, गाणी हवीत. यंदा कंपनी पहिल्यांदाच शिरपूरपर्यंत बस सोडणार होती. जायचं असेल त्यांनी मोबाइलवर फॉर्म भरला. ती माहिती सॉफ्टवेअरमध्ये आणून साफ करायची आणि किती सीटा लागतील ते सांगायचं, हे काम सरिताचं.

काम तिला मनापासून आवडायचं. रिकाम्या ओळी काढ, तारखा एका साच्यात आण. केलेली प्रत्येक पायरी स्क्रीनच्या उजवीकडे आपोआप लिहिली जायची. काही जणांनी फॉर्म दोनदा भरला होता. मग तिने मोबाइल नंबर धरला. माणूस वेगळा तर नंबर वेगळा, सोपं! बटण दाबलं, जादाच्या ओळी गायब.

"अरे वा, मग मोठी बस कशाला? मिनीबस पुरे," ऑफिसातले तिचे वरिष्ठ, स्वप्नील सर म्हणाले. "शाब्बास!"

किती महिन्यांनी कुणी तिच्याशी असं हसून बोललं होतं. ती दिवसभर तरंगत होती.

संध्याकाळी खोलीच्या दारातच पॅकिंगमधली रोहिणी उभी. "गेटवर नावं लागलीत. तुनं नाव शे, आमनं एकीनंबी नही. वा मॅडम!"

"असं कसं होईल? मी स्वतः..." बोलता बोलता सरिताला तो नंबर आठवला.

अथालच्या चाळीतल्या सगळ्या पोरी कुठेही एकच नंबर द्यायच्या, घरमालकीण मंजुळाबाईंचा. पोरींचा रिचार्ज संपायचा, सिम बदलायचं. बाईंचा फोन कायम चालू. फोन आला की बाई गॅलरीतून हाका मारायच्या. सरितानेही तोच दिला होता. आणि उत्साहाच्या भरात फॉर्म सगळ्यांच्या आधी तिनेच भरलेला. सारख्या नंबरांतली पहिली ओळ राहते, खालच्या उडतात.

"मी मुद्दाम नाही केलं गं."

"मंग काय मशीननी करं?" रोहिणी भिंतीकडे तोंड करून बसली.

सकाळी सरिता सरांपुढे उभी राहिली. "सर, रिपोर्ट चुकलाय. म्हणजे मी चुकवलाय."

"मालकांना पाठवून झाला की गं!"

तिने उजवीकडची नंबरवाली ती एक पायरी पुसली. पटापट ओळी परत आल्या. रोहिणी, श्रुती, सगळ्या. या वेळी तिने नाव, गाव आणि नंबर तिन्ही जुळले तरच ओळ काढली. "बघा सर, मोठीच बस लागेल."

सरांनी बसवाल्याला फोन लावला, मग मालकांना. मालकांशी बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला. "बस मिळाली," फोन ठेवत ते म्हणाले. "पण आता त्यांचा एकाही रिपोर्टवर विश्वास नाही. सुट्टी संपायच्या आत आधीचे सगळे तपासून हवेत. तुझ्याशिवाय कोण करणार?"

सरिताच्या डोळ्यांसमोर झोका येऊन गेला. नाही म्हटलं असतं तर पुन्हा पॅकिंग, आणि घोळ सरांच्या गळ्यात.

"मी थांबते, सर," ती म्हणाली.

बस निघताना रोहिणीने खिडकीतून डोकं काढलं. "चढ ना वं! कोनी वाट देखस?"

"काम शे."

रोहिणी खिडकीतून आणखी बाहेर वाकली. "घर काय सांगू?"

"सांग, पोरगी एसीत बसलीय."

रोहिणी खळखळून हसली, कितीतरी दिवसांनी. ते हसू पुरतं व्हायच्या आत बसने वळण घेतलं.

खोलीवर येऊन सरिताने मधोमध अंथरूण घातलं. एरवी कूस बदलली की कुणाचं तरी कोपर लागायचं. आज पाय हवे तितके पसरता येत होते. तरी थोड्या वेळाने ती अंथरूण ओढत भिंतीशी गेली आणि अंग चोरून पडून राहिली.