बत्तीस तारखेची पत्रं

असार महिन्याची बत्तीस तारीख होती; नेपाळी महिना कधीकधी बत्तीस दिवसांचाही असतो. तानसेन गावच्या टेकडीवरच्या रेडिओ केंद्रात दुपारी चारला ज्ञानू दिदींचा फर्माइशीचा शेवटचा कार्यक्रम होता. तीन वाजता त्या संगणक सांभाळणाऱ्या दिलमानच्या खोलीत आल्या. त्यांना एका म्हाताऱ्याची पत्रं हवी होती.

म्हातारा नाव लिहीत नसे, गावही लिहीत नसे. तारीख मात्र ठसठशीत आणि कायम बत्तीस. महिन्याचा बत्तिसावा दिवस देवाने वर घातलेला असतो, त्या दिवशी बिनकामाचंच काम करावं, म्हणून रेडिओला लिहितो, असं त्याचं म्हणणं. त्याची फर्माइश दिदींनी एकदाही पुरी केली नव्हती, आणि आता तर ती काय होती हेही आठवत नव्हतं. कागद वाळवीने केव्हाच वाचून संपवले होते. उरली ती दिलमानने पंधरा वर्षांपूर्वी संगणकात उतरवलेली पत्रं.

दिलमानने तारखेतून दिवस वेगळा काढला आणि बत्तीस तेवढे मागितले. एकही ओळ आली नाही.

"वर्षवार गट पाडून बघ," दिदी म्हणाल्या. एवढ्या वर्षांत तेवढं त्याही शिकल्या होत्या.

गट पडले. विक्रम संवत २०६२, नऊशे पत्रं. २०६३, अकराशे. आणि सगळ्यांच्या वर संवत १९००, चारशे बारा.

"पावणेदोनशे वर्षांपूर्वी. तेव्हा राणा घराणंसुद्धा सत्तेवर आलं नव्हतं," दिदी शांतपणे म्हणाल्या. "पण आपण बरेच लोकप्रिय होतो."

दिलमानला सगळं आठवलं. संगणकाचं पंचांग परमुलखातलं. इथला दुसरा महिना जेठ, त्याला संगणक फेब्रुवारी समजे आणि एकोणतिसाच्या पुढे ऐकून घेत नसे. बत्तीस तर त्याला सरळ थाप वाटे. तेव्हा जेवायची वेळ झालेली, म्हणून दिलमानने नियम घालून टाकला होता: न पटणारी तारीख आली की १९०० सालचा पहिला दिवस टाकायचा, नंतर सुधारू.

"नंतर म्हणजे कधी रे, भाइ?"

"आज, दिदी."

मग दोघं ती १९०० सालची पत्रं वाचत बसले. पलटणीतल्या एकाला बायकोसाठी गाणं हवं होतं, त्याच्या बायकोला दुसरंच. एक मुलगी नापास झाली होती आणि तिला ढोल हवा होता. दिदी डोळे पुसत हसत होत्या. चारला पंधरा मिनिटं उरली, तेव्हा दिलमानने मजकुरात 'बत्तीस' असलेली पत्रं तेवढी वेगळी काढली. अकरा निघाली. सगळ्यांत तेच:

"गाणं नको. खाली सपाटीवरच्या बुटवलहून वर येणाऱ्या बसच्या वेळा वाच. पोरगा कोणत्या बसने येईल सांगता येत नाही. सगळ्या ऐकलेल्या बऱ्या."

"मी दर वेळी त्याला बासरी लावली," दिदी म्हणाल्या.

चारला त्या माइकपुढे बसल्या. निम्म्या बस केव्हाच बंद झाल्या होत्या, पण दिदींना त्या काळच्या वेळा पाठ होत्या. सकाळी सहाची. पावणेआठची, जिच्यात पुढच्या सीटवर बोकड बसायचे. साडेदहाची. काचेपलीकडे दिलमानने घड्याळाकडे बोट दाखवलं, मग बोट खाली घेतलं. दिदी एकेक बस घाट चढवत शेवटच्या बसपर्यंत आल्या.

"आणि संध्याकाळची साडेसहाची," त्या म्हणाल्या. "ती उशिराच येते, बा. ताट झाकून ठेवा."