चिकाची किटली

मित्रांनो, किटली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चहा येतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. टपरीवरच्या त्या काळ्याकुट्ट, नाकवाल्या बाईशी माझं काही नातं नाही. मी दुधाची किटली. उभी, गोल, स्टीलची, वर घट्ट झाकण आणि धरायला कडी. आता वय झालं, अंगाला पोचे आले, कडीही एका बाजूनं सैल झाली. पण गळत मात्र नाही हं. अजून थेंबभरसुद्धा नाही!

एका लहानशा कारखान्यात मी पत्र्याची चकती होते. यंत्रानं मला दाबलं, ओढलं, घासलं, आणि मी लखलखीत होऊन रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात येऊन बसले. तिथून हिराच्या भावानं मला उचललं, बहिणीच्या रुखवतात मांडायला. दुकानातल्या माणसानं ते गुरगुरणारं यंत्र माझ्या पोटावर फिरवून हिराचं नाव घातलं. अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! भांड्यावर नाव पडलं की ते त्या घरचं माणूस होतं, असं मी तेव्हापासून धरून चालले आहे.

हिराचं सासर हडपसरला. मी तिथे गेले तेव्हा गोठ्याच्या मागे भाजीचे वाफे होते. आता चारही बाजूंनी उंच इमारती आहेत आणि मध्ये आमचं पत्र्याचं छप्पर. वास येतो म्हणून वरचे लोक खिडक्या लावून घेतात, आणि सकाळी त्यांनाच दूध ताजं हवं असतं. असो. आपण काय बोलणार!

हिराचा नवरा रंगराव रोज स्कूटरवरून दूध घालायला पार सदाशिव पेठेपर्यंत जायचा. रोजच्या दुधाला मोठे कॅन होते. मला कुणी रोज हात लावत नसे, कारण मी मानाची होते. मी चिकाची किटली होते. गाय व्याली की पहिले काही दिवस तिला जे घट्ट, पिवळसर दूध येतं ना, तो चीक. त्याचाच खरवस होतो. चिकाचे पैसे घ्यायचे नसतात, तो प्रेमानं द्यायचा असतो. आणि ज्याला चीक मिळाला तो किटली रिकामी परत पाठवत नाही. मूठभर साखर, नाहीतर गुळाचा खडा घालूनच देतो. रंगरावाचं घर देणारं. शेजारी, भावकी, पेठेतली गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या दारात मी मिरवत जायची.

सगळ्यात जास्त तोरा मी मिरवायची ते पद्मजाताईंच्या दारात. त्या निवृत्त शिक्षिका. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि तिथूनच जगाचे पेपर तपासायच्या. "रंगराव, रोजचं दूध गाईचं की नळाचं, हे मी विचारत नाही," त्या म्हणायच्या, "पण चीक मात्र गाईचाच दिसतोय हो." मग मला उलटसुलट करून बघायच्या. "किटली स्वच्छ आहे तुमची. पुण्यात हे दुर्मीळ." बाई गं, त्या एका वाक्यावर मी महिनाभर फुगून बसायची!

गोठ्यात मात्र त्याच वेळी काय चालायचं, ते सांगते. नुकतं जन्मलेलं वासरू लटपटत उभं राहायचं आणि आईची कास शोधायचं. रंगराव त्याला बाजूला बांधायचा. वार, म्हणजे वासरामागून गाईच्या पोटातून पडणारी झिल्ली, ती पडल्याशिवाय वासराला आचळाला लावायचं नाही, आधी पाजलं तर वार आत अडकते, असं त्याच्या वडिलांनी सांगितलेलं, त्यांच्या वडिलांनी त्यांना. वार पडेपर्यंत कधी दुपार व्हायची. तोवर पहिला चीक माझ्यात बसून पेठेत पोचलेला असायचा. वासराला उरलंसुरलं मिळायचं. यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट एवढ्या चांगल्या मनाची माणसं मी पाहिली नाहीत.

चंद्री नावाची आमची एक गाय. तिची आधीची दोन्ही वासरं हगवणीनं गेली होती. आठ-दहा दिवस बागडायची आणि मग एकाएकी पाण्यासारखं हगायला लागून आडवी व्हायची. चंद्री पुढे कितीतरी दिवस दाराकडे बघून हंबरायची. तेव्हा हिरा तिच्यापाशी जाऊन नुसती उभी राहायची आणि तिची मान खाजवत राहायची.

चंद्री तिसऱ्यांदा व्याली ती सकाळी, दूध काढायच्या वेळेला. कालवड झाली. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, जणू कुणी बुंदी सांडली. हिरानं नाव ठेवलं बुंदी. "औंदा हिला जाऊ द्यायची न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, जाऊ कोन देतंय?" रंगराव म्हणाला, आणि बुंदीला बाजूला बांधून चंद्रीचा चीक माझ्यात काढला. पद्मजाताईंना सांगून ठेवलं होतं ना! बुंदीनं मान लांब करून माझ्या झाकणाला नाक लावलं. तिचा ऊन ऊन श्वास मला लागला. मग स्कूटर सुरू झाली.

पद्मजाताईंनी अर्ध्या चिकाचा खरवस लावला आणि अर्धा डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवला. "आमोद यायचाय," त्या रंगरावाला म्हणाल्या. आमोद त्यांचा मुलगा, परदेशात असतो. "तिकडे सगळं मिळतं म्हणे त्याला, खरवस सोडून."

पुढच्या आठवड्यात बुंदी आजारी पडली. पिवळट, पातळ हगवण. शेपूट माखलेलं, डोळे खोल गेलेले, कान गार. रंगरावानं तिचं दूध तोडलं. "पोटाला जरा इसावा मिळू दे," तो म्हणाला. हिरानं मात्र डॉक्टर नम्रताला फोन लावला. या गुरांच्या डॉक्टर. तरुण, बोलायला फटकळ, पण वासराला हात लावताना बघावं त्यांना! त्यांनी बुंदीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सुरकुती तशीच राहिली. मग तोंडात बोट घालून पाहिलं.

"तोंड गार पडलंय. अंगातलं पाणी संपतंय हिच्या. दूध कुणी बंद केलं?"

रंगरावानं स्वतःकडे बोट दाखवलं.

"चालू करा. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. मधे मधे ही पावडर कोमट पाण्यातून. हा बहुतेक विषाणू आहे, रोटा म्हणतात त्याला. वासराच्या आतड्याचं अस्तरच खरवडून काढतो. त्याला मारेल असं औषध माझ्या बॅगेत नाही. आपण फक्त हिला सुकू द्यायचं नाही, ऊब द्यायची, बाकी तिचं तिला लढावं लागणार. चीक कधी पाजलात?"

"वार पडल्यावर," रंगराव म्हणाला. "दुपारी. जेवढा व्हता तेवढा."

"आणि पहिला?"

"पेठेत दिला."

नम्रताबाईंनी कपाळाला हात लावला. मग खाली बसून शांतपणे सांगितलं. वासरू जन्मतं ते रोगाशी लढायची ताकद न घेताच. ती ताकद आईच्या पहिल्या चिकात असते, आणि पहिल्या काही तासांतच ती वासराच्या रक्तात शिरू शकते. नंतर दार बंद. "आणि रंगराव, वासरू प्यायलं की वार अडकत नाही हो. उलट पडायला मदतच होते."

रंगराव बुंदीकडे बघत राहिला. मित्रांनो, मी खुंटीवर होते. तिथून मला त्याचं तोंड दिसत होतं, आणि मला फार वाईट वाटलं. तीन पिढ्या ज्याला धर्म समजल्या, ते असं निघालं.

"आता चीक मिळाला तर उपेग हाय का मॅडम?" हिरानं विचारलं.

"रक्तात नाही जाणार. पण आतड्यात राहून तिथे त्या विषाणूला थोडा अडवेल. खात्री देत नाही मी. पण आहे कुठे चीक? चंद्रीला आता साधं दूध येतंय."

ताईंनी अर्धा चीक फ्रीजरमध्ये ठेवलाय, हे रंगरावानं घरी सांगितलेलं हिराच्या ध्यानात होतं. ती उठली आणि तिनं मला खुंटीवरून काढलं.

"कुठं निघालीस?" रंगराव दचकला. "पद्मजाताईंकडं? दिलेला चीक परत मागायचा? अगं, काय तोंड दाखवायचं त्यांना?"

"तुमी नका दाखवू. मी दाखवते माझं," हिरा म्हणाली.

बसमध्ये मी तिच्या मांडीवर होते. पेठेत मी रिकामी कधी गेले नव्हते. लाजेनं माझं झाकण खडखडत होतं, आणि हिरा ते हातानं दाबून धरत होती.

पद्मजाताईंनी दार उघडलं. "दूध सकाळीच आलं की. आता काय विशेष?"

हिरानं एका दमात सगळं सांगितलं. ताईंनी भुवया उंचावल्या. "म्हणजे दिलेलं परत न्यायचं? हडपसरात नवीन पद्धत निघाली वाटतं."

"पद्धत न्हाई, ताई. मागायला जीव लाजतोय माझा," हिरा म्हणाली. "पन वासरू मरतंय. आन् चीक तिचाच व्हता. तिच्या आईचा. तिला उपाशी ठिवून आमी तुमाला दिला."

ताई दारातच उभ्या राहिल्या. किती तरी वेळ त्यांना बोलता येईना. आणि ताईंना बोलता येईना, ही गोष्ट सदाशिव पेठेत कुणाला सांगितली तर खरी वाटणार नाही.

"आणि मी त्यात जायफळ घालून खाल्लं," त्या हळूच म्हणाल्या. "आधी नाही सांगायचं, हिराबाई?"

"आमालाच आज कळलं, ताई."

त्या आत गेल्या. फ्रीजरचा आवाज आला. चिकाचा गोठलेला गोळा माझ्यात ठण्णकन पडला. "सगळा न्या. आमोदला म्हणावं, शिरा खा. आणि बसनं नाही जायचं, मी रिक्षा बोलावते. नाव काय ठेवलंय तिचं?"

"बुंदी."

"बुंदी!" ताईंनी डोळ्याला पदर लावला. "कळवा मला. काहीही झालं तरी कळवा."

गोठ्यात हिरानं मला कोमट पाण्यात उभं केलं. चीक उकळायचा नाही, नाहीतर त्यातली ताकद जाते, असं नम्रताबाईंनी बजावलं होतं. तो वितळल्यावर तिनं थोडा माझ्यातच ठेवून त्यात दूध मिसळलं, दोन बोटं त्यात बुडवली आणि बुंदीच्या तोंडात घातली. बुंदीनं जीभसुद्धा हलवली नाही. हिरानं पुन्हा बोटं बुडवली. "पी की गं माझे बाय. तुझंच हाय." रंगराव पोत्यानं बुंदीचं अंग चोळत होता आणि डोळे पुसायलाही थांबत नव्हता. बऱ्याच वेळानं बुंदीनं ओठ आवळले. बोट चोखलं. मग हिरानं बोटं हळूहळू खाली नेली, आणि बुंदीचं नाक माझ्या आत आलं. गार होतं ते नाक. मित्रांनो, मी एवढी वर्षं मानानं फिरले, पण तशी हलकी ओढ मला कुणी लावली नव्हती.

ती लगेच बरी झाली असं समजू नका. एक पाऊल पुढे, दोन मागे. दूध, मीठ-साखरेचं पाणी, चिकाचा घोट, कोरडं गवत, पोत्याची ऊब, सगळी सेवा चालू होती. ताईंचा फोन रोज यायचा आणि रोज रंगरावाला बोलणी बसायची, "दूध पातळ आहे तुमचं," अशी, पण त्याआधी बुंदीची चौकशी व्हायची. मग एका सकाळी बुंदी आपली आपण उठली आणि तिनं मला अशी ढुशी मारली की हा पोटावरचा मोठा पोचा पडला. हिरा हसत सुटली. मला तर तो दागिनाच वाटला.

पण माझं पेठेत जाणं त्या दिवसापासून बंद झालं. हा विषाणू शेणातून पसरतो, भांड्यांना, हातांना, जमिनीला चिकटून राहतो, म्हणून वासरांची भांडी वेगळी ठेवायची, आजारी वासरू वेगळं बांधायचं, हात धुवायचे, असं नम्रताबाईंनी सांगितलं. मला उकळत्या पाण्यानं घासून उन्हात उपडं केलं आणि वासरांच्या खुंटीवर टांगलं. पेठेत आता दुसरीच कुणी चकचकीत जाते. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मी रुसले होते. पद्मजाताईंनी नव्या किटलीला काय म्हटलं असेल, हाच घोर!

मग यंदा बुंदी व्याली. आमची बुंदी, मित्रांनो! वार अजून पडायची होती. रंगरावाचा हात सवयीनं स्कूटरच्या किल्लीकडे गेला आणि तिथूनच मागे आला. हिरानं हात धुतले, बुंदीची कास धुतली आणि पहिल्या धारा माझ्यात घेतल्या. वासरू किती प्यायलं ते डोळ्यांना दिसावं म्हणून. आणि ते लटपटतं पोर माझ्यात नाक खुपसून असं प्यायलं, असं प्यायलं की काय सांगू.

खरवस वाईट असं मी म्हणणार नाही. मी जन्मभर तोच वाहिला. तुमच्याही घरी कधी चीक येईल, तेव्हा आनंदानं खा. फक्त आणून देणाऱ्याला एक प्रश्न आधी विचारा. पद्मजाताईंनी त्या सकाळी फोनवर तोच विचारला.

"रंगराव, बुंदी व्याली म्हणे. खरवसाचं नंतर बघू. बाळ प्यायलं का?"

रंगराव माझ्यात वाकून बघत होता.

"प्यायलं, ताई," तो म्हणाला. "किटलीचा तळ दिसतोय."