उशिरा आलेल्या टाळ्या

मी पत्त्यांचा कॅट आहे. एरवी आमच्यासारख्यांनी तोंड उघडायचं नसतं. जादूगाराच्या हातातले पत्ते बोलायला लागले तर त्याने पोट कशावर भरायचं? पण आता माझ्या कडा फुगल्यात, पाठीवरची निळी नक्षी अंगठ्याखाली झिजून गेलीय. मला आता कोणी स्टेजवर नेणार नाही. तेव्हा बोलून घेतो.

एका मोठ्या कागदावर आम्ही सगळे शेजारी शेजारी छापले गेलो. मग यंत्राने कापलं, कोपरे गोल केले, डबीत कोंबलं. दोन जोकरही सोबत होते. त्यांना जन्मभर काहीच काम मिळालं नाही. घरात असा एखादा असतोच, कामाला नाही पण मोजताना धरावा लागतो.

मला विकत घेतलं एका जादूगाराने. शाळांमध्ये, वाढदिवसांना तो खेळ करायचा. काळा कोट, काळी पेटी, आणि हात असे की मलाच कळायचं नाही मी कुठे आहे ते. त्याची एक अवघड चाल होती. लोकांनी निवडलेला पत्ता माझ्या मधोमध ठेवायचा, वरून हात फिरवायचा, आणि त्या हाताच्या आडोशाला माझा खालचा अर्धा वर, वरचा अर्धा खाली. निवडलेला पत्ता सगळ्यात वर. बघणाऱ्याला वाटावं, काही झालंच नाही. तो तिला नुसतं 'अदलाबदल' म्हणायचा.

मग एका सकाळी दाढी करताना तो खाली पडला. उजवी बाजू गेली. नजर आधीच अंधूक होती, ती आणखी अंधूक झाली. तो मुलीच्या घरी आला, आणि त्याच्या पेटीतून मीही आलो.

मुलगी घरीच शर्टांना काज-बटणं करायची. तिचं पोर नुकतं रांगायला लागलेलं. दिवसभर तिचा जीव टांगणीला असायचा. पोर शिंकलं तरी कपाळाला हात लावून बघायची, झोपलं तर श्वास चालतोय ना म्हणून नाकाशी बोट धरायची.

एक दिवस जादूगार तिला म्हणाला, "पोरी, आमचा मेळावा आहे. सगळे जादूगार जमतात. म्हाताऱ्याने पेटी कुणाला द्यायची ते तिथे सर्वांसमोर ठरतं. तू घे."

"मी? बाबा, मला सुईत दोरा ओवताना घाम फुटतो."

"पण ओवतेस ना? नाहीतर पेटी भंगारात जाईल. माझं नाव रंगवलंय तिच्यावर."

झालं. ती शिकायला बसली.

पोर दुपारी झोपायचं तेवढीच तिला सवड. कपाटाच्या आरशासमोर ती उभी राहायची, बाबा मागे खाटेवर. त्याला दिसायचं नाही आणि हाताने करून दाखवता यायचं नाही, म्हणून तो ऐकायचा. पत्ता पत्त्यावर घासला की लगेच बोलायचा, "आवाज आला! पत्ते आहेत ते, ओले कपडे नाहीत पिळायला."

"हळू बोला, उठेल ती."

सुरुवातीला मी सारखा सांडायचो. मी फरशीवर पडलो की पोर दचकून रडायचं, आणि पोरापेक्षा आईच जास्त घाबरायची. पोर उठू नये या एका धास्तीने तिचे हात मऊ होत गेले. पावसाळा सरेपर्यंत मी तिच्या हातात सुताच्या गुंडीसारखा फिरायला लागलो. आवाज नाहीच.

"केलंस का?" बाबा विचारायचा.

"केलं."

"मला कळलंसुद्धा नाही! पोरी, जमलं तुला."

"आरशातही काही दिसलं नाही, बाबा." ती हसायची. त्या घरात एवढं मोकळं हसू मी तेव्हाच ऐकलं.

पण मला दिसत होतं. आरशात मी होतो, माझ्यावर तिचा चेहरा होता. चाल करायचा क्षण आला की ती श्वास धरायची आणि डोळे घट्ट मिटायची. पोराला इंजेक्शन देताना आई तोंड फिरवते ना, तसं. क्षणभरच. उघडेपर्यंत काम झालेलं असायचं. मग तिला आरशात काय दिसणार? बाबा कानांनी खात्री करत होता, ती मिटल्या डोळ्यांनी. दोघांचा विश्वास रोज वाढत होता आणि मी आतल्या आत कुढत होतो. सांगणार कसा?

मेळाव्याच्या दिवशी तिने बाबाला पुढच्या ओळीत बसवलं, काळा कोट घालून. त्याच्या शेजारी छत्रीवाले काका होते. छत्रीतून रुमाल काढणारे म्हणून त्यांना सगळे तसंच म्हणत. तिने त्यांच्यापुढे मला पसरलं. त्यांनी चौकटची सत्ती निवडली. तिने ती माझ्या मधोमध सारली, वरून हात फिरवला.

हात सुरेख चालले. आवाज नाही, थरथर नाही. आणि डोळे घट्ट मिटले.

समोर सगळे त्याच धंद्यातले. कोणत्या क्षणी काय झालं हे तिच्या चेहऱ्यानेच त्यांना सांगून टाकलं. तिने वरचा पत्ता उलटला. चौकटची सत्तीच होती. पत्ता बरोबर निघाला, जादू मात्र झाली नाही.

मी समोर बघितलं. कोणी चष्मा पुसत होतं, कोणी बुटाकडे बघत होतं. छत्रीवाल्या काकांनी एकदा बाबाकडे बघितलं आणि टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. कोणीतरी म्हणालं, "पेटी घरातच राहू दे." बाबाचा डावा हात गुडघ्यावर थांबून राहिला होता.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "टाळ्या जरा उशिरा आल्या का गं?"

"हॉल मोठा होता, बाबा. तुम्हाला तसं वाटलं."

"असेल."

तिलाही कळलं होतं काहीतरी बिनसलं. नक्की काय, ते कळलं नव्हतं. पेटी मिळाली, पण खेळाचं बोलावणं कुणाचं आलं नाही. मला डबीत घातलं, डबी पेटीत, पेटी कपाटावर. बाबा तिला 'सराव कर' म्हणाला नाही. पेटीच्या फटीतून मला तेवढं दिसायचं, खाटेवर पडून त्याचा डावा हात हवेत बोटं हलवायचा. पुन्हा पुन्हा. हात कुठे चुकला ते शोधत होता. हातात चूक नव्हतीच, बाबा! पण ते त्याला सांगणारं कोणी नव्हतं. तसाच शोधत शोधत तो गेला.

भेटायला माणसं आली. छत्रीवाले काका सगळ्यात शेवटी उठले. दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "पोरी, हात तुझ्या बाबाचेच आहेत. पण तू डोळे मिटतेस."

ती बघतच राहिली. "काका, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुझे बाबा बसले होते ना शेजारी."

"त्यांच्यासाठीच तर सांगायचं होतं! मी घरी येऊन दाखवलं असतं त्यांना पुन्हा. त्यांचा हात माझ्या हातावर ठेवून दाखवलं असतं." ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

त्यानंतर तिने मला खाली काढलं. डोळे उघडे ठेवून करायला गेली आणि सगळं मोडलं. स्वतःचे हात समोर दिसले की ते थरथरतात. कमावलेलं सगळं गेलं, मी पुन्हा पहिल्यासारखा फरशीवर. आरशावर तिने चादर टाकलीय. समोर आता तिची लेक बसते, बोलायला लागलेली. तिला अजून मन राखता येत नाही. "दिसलं!" म्हणते. आई ओठ चावते, मला गोळा करते, पुन्हा उभी राहते. कधी कधी नाहीही राहत. खाटेच्या रिकाम्या जागेकडे बघत बसते.

माझे फार दिवस उरलेले नाहीत. दोन पत्ते दुमडलेत, एक चिरलाय. तेव्हा तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्यापुढे कधी एखादी बाई पत्ते घेऊन उभी राहिली आणि तुम्हाला दिसलं, तर दिसलं म्हणा. तिचं तोंड एवढंसं होईल, कदाचित रडेलही. पण दुसऱ्या दुपारी ती डबी उघडेल. लेकीच्या "दिसलं"नंतर ती रोज उघडते. मेळाव्यातल्या त्या टाळ्यांनंतर, बाप जिवंत होता तोवर, तिने ती एकदाही उघडली नव्हती.