मान मोकळी करणारे हात

लेकीच्या बोटांतून भरतकामाची सुई निसटायला लागली, तेव्हा आईने बापाला टोचलं, "अख्ख्या गल्लीच्या माना मोकळ्या करता. घरची पोर आखडून बसलीय, ती नाही दिसत?"

बाप न्हावी. दाढी झाली की गिऱ्हाईक डोळे मिटून म्हणायचं, "वस्ताद, मान मोडा." एक झटका डावीकडे, एक उजवीकडे, कट्कन आवाज, आणि माणूस पिसासारखा हलका. लेकीची मान मात्र जन्मापासूनच आखूड. केसांची कड थेट खांद्यांना टेकलेली, बाजूला बघायचं तर सगळं अंग वळवायची. "माझी पोर मान डोलावत नाही," बाप कौतुकाने सांगायचा, "कुणाच्या होला हो करत नाही."

दुपारी दुकान रिकामं होतं. त्याने तिला खुर्चीत बसवलं.

"बाबा, दुखेल?"

"छे गं. मुंगी चावल्यासारखं."

डावीकडे आवाज आला नाही. त्याला तो आपल्या हातांचा अपमान वाटला. उजवीकडे त्याने जोर लावला.

आवाज आला. लेकीचे दोन्ही हात मांडीवरून घसरले, ओल्या टॉवेलसारखे लोंबले.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मानेच्या एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. आईच्या पोटातच हाडाने हाडाला मिठी मारलेली, ती कधी सुटलीच नव्हती. "हे मणके जन्मतःच जुळलेत. हलायला उरला तो वरचा सांधा. तो सरकलाय, मज्जारज्जू दाबला गेलाय. कुणी मानेला झटका दिला का?"

"पडले मी," लेक छताकडे बघत म्हणाली. "मोरीत. पाय घसरला."

आईने बापाकडे पाहिलंच नाही.

"मी दिला," बाप म्हणाला. "ह्या हातांनी. ह्या मेल्या हातांनी."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच त्याला सोसवेना. "ऑपरेशन करू. पाय बहुतेक वाचतील. हातांचं काही सांगता येत नाही."

सकाळी ऑपरेशनआधी दोन सिस्टर मानेवरचे केस काढायला आल्या. दोघींनी लेकीचं डोकं जपून धरलं, तिला हळूच कुशीवर वळवलं. बाप सवयीने पुढे झाला. "द्या इकडे वस्तरा. जन्म गेला माझा ह्यात."

"बाबा, तुम्ही नको."

आवाजात राग नव्हता. भीती होती.

बापाचा हात हवेतच राहिला. एका सिस्टरने त्यात स्टीलचा ट्रे ठेवला. वस्तरा खरखरत उतरू लागला, आणि लेकीचे केस तो ट्रेमध्ये झेलत राहिला.