सहांपैकी दोन

तीन, पाच

आमचं इंजिन एकदा पेटवलं की संपलं. त्याच्या झडपा छोट्या स्फोटकाने उघडतात आणि पुन्हा मिटत नाहीत. म्हणजे इंजिन चांगलं आहे हे सिद्ध करायचं तर ते जाळावं लागतं, आणि जाळलेलं उडत नाही. त्यावर आमच्या कारखान्याने नियम काढला: सहांच्या बॅचमधून दोन जाळायची. दोन्ही नीट चालली की उरलेली चार, न पेटवताच, चंद्राच्या रॉकेटला. रॉकेटच्या बुडाशी अशी तीस लागतात.

कुठली दोन, हे लष्करी स्वीकृती कार्यालयाने ठरवायचं. म्हणजे मेजर झाबोलोत्नीने. युद्धात त्याच्या तोफेचा नंबर पस्तीस होता. अकरा वर्षं त्याने तिसरं आणि पाचवं उचललं.

अकरा वर्षं. सगळ्या कारखान्याला माहीत होतं. मला नव्हतं. मी त्याच कार्यालयात शेजारच्या टेबलावर बसायचे.

एक

ऑगस्टमध्ये मेजरला पक्षाघात झाला आणि शिक्का माझ्याकडे आला. असेम्ब्ली शॉपमध्ये सहा इंजिनं रांगेत उभी होती. तिसऱ्या आणि पाचव्याखाली चाचणीतळाची गाडी आधीच लावलेली होती.

"एक आणि सहा," मी म्हणाले.

फोरमन प्रोखोर देमिदोविच हात पुसत होता. पुसायचा थांबला.

"आग्निया लुकीनिच्ना, गाडी इथं लागलीय."

"मग हलवा."

"मेजरसाहेब नेहमी—"

"मेजरसाहेब चमच्याने खीर खातायत. गाडी हलवा."

मागून कुणीतरी म्हणालं, "शिक्का मिळाला नि बाईला शिंगं फुटली."

कुणी हसलं नाही. ते हसले असते तर मला काहीच कळलं नसतं.

एक नंबर पूर्ण वेळ जळलं.

सहा

विसाव्या सेकंदाला फाटलं. जंगलातल्या तळावरून धूर आमच्या खिडकीतूनही दिसला.

मी सांधे कापून बघितले. तीन आणि पाचचं वेल्डिंग प्रोखोर आणि त्याचा जुना जोडीदार करायचे, महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, सावकाश, भरतकाम केल्यासारखं. बाकीची चार शेवटच्या आठवड्यात उरकायची, योजना पूर्ण दाखवायला, जो हाताला लागेल त्याच्याकडून. फसवणूक हा शब्दही कुणाच्या मनात आला नसेल. परीक्षेला बसणाऱ्या पोराला चांगले कपडे घालावेत, तेवढंच.

आणि दूर स्टेपच्या गवताळ माळावर, उड्डाणतळावर, रॉकेट उभं होतं. तीस इंजिनं. सगळी एक, दोन, चार आणि सहा नंबरांची. एकोणीस दिवसांनी त्यात दोन माणसं बसणार होती. अमेरिकनांनी त्यांचं उड्डाण वसंतापर्यंत ढकललं होतं, त्यामुळे वरून रोज फोन येत होते. उड्डाणाच्या परवानगीच्या कागदावर एकच जागा रिकामी होती, माझ्या सहीची.

डायरेक्टर वेनियामिन कार्लोविचने मला बसायला सांगितलं नाही.

"तुम्हाला काय पाहिजे? फ्लॅट? मोठा फ्लॅट?"

"रॉकेटवरची एक बॅच परत आणा. त्यातली जाळून बघू."

"उतरवायला आठ दिवस, चढवायला आठ दिवस! आणि ती चांगली निघाली तर?"

"तर सही करीन."

"तर तुम्ही सही कराल," तो म्हणाला, "आणि त्याच दिवशी संध्याकाळी झाडू घेऊन बॉयलरखान्यात जाल. मी स्वतः झाडू निवडून देईन."

मग त्याने एक नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्याकडे ढकलला. पलीकडे रदिओन गोर्देयेव होता, रॉकेटमध्ये बसणाऱ्या दोघांपैकी मोठा. त्याचा फोटो डायरेक्टरच्या मागे भिंतीवरच होता.

"बाई, वर कोण जाणारे? तुम्ही की मी?"

"तुम्ही."

"मग भीती कुणाला वाटायला पाहिजे?"

"तुम्हाला."

"मला वाटत नाही. करा सही. नऊ वर्षं थांबलोय मी."

मी फोन ठेवला. सही केली नाही. रॉकेटवरची चार इंजिनं परतीच्या ट्रेनमध्ये चढली.

(त्या आठवड्यात: माझ्या खुर्चीवर ग्रीस. कॅन्टीनच्या खिडकीतली ल्यूबा मला सूप वाढताना डाव वरवरच बुडवायची, नुसतं पाणी घ्यायची. दुकानाच्या रांगेत प्रोखोरची बायको मागे वळून, मोठ्याने: "हिच्या एका अक्षरासाठी अख्खा कारखाना बोनसविना बसलाय, आणि ही मेली सॉसेजच्या रांगेत उभी राहते!" रांग सरकली. माझ्यासाठी कुणी जागा सोडली नाही. मी सॉसेजविना परत आले.)

दोन

परत आलेल्या चारांतून मी दोन नंबर निवडलं.

बंकरच्या जाड काचेआड आम्ही दहाजण होतो. इंजिन पेटलं. वीस सेकंद. चाळीस. मी काटा बघत होते, बाकीचे मला. एकशे दहा सेकंद पूर्ण झाले आणि ते शिस्तीत विझलं.

टाळ्या. कुणीतरी कुणाची तरी टोपी हवेत उडवली. वेनियामिन कार्लोविचने कोटातून कागद काढला, पेनाचं टोपण स्वतः उघडलं.

"करा."

प्रोखोर देमिदोविच माझ्या अगदी जवळ आला. त्याच्या तोंडाला कांद्याचा वास होता.

"कर गं. काही बिघडत नाही. माणूस चुकतो. तूही चुकलीस."

मी पेन घेतलं. खरं सांगते, टोक कागदाला लावलं. शाईचा ठिपका अजून त्या कागदावर असेल.

"नियम दोनचा आहे," मी म्हणाले.

"काय?"

"सहांपैकी दोन. नियम तुमचाच आहे. या बॅचची तीन आणि पाच मी धरत नाही. आत्ता एकच जाळलं. अजून एक."

वेनियामिन कार्लोविच शिव्या देत नाही अशी त्याची ख्याती होती. त्या दिवसानंतर ती राहिली नाही.

चार

एक्केचाळीस सेकंद.

काचेवर आतून पांढरी रेघ उमटली, वरपासून खालपर्यंत. बंकरच्या छतावरून माती पडली. मग कुणीतरी खोकलं.

प्रोखोर म्हणाला, "ते वेल्डिंग माझं नव्हतं."

"माहीत आहे."

"माझं असतं तर फाटलं नसतं."

"म्हणूनच तर, प्रोखोर देमिदोविच."

तो थुंकला. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर.

(नंबर नाही)

रॉकेट खाली उतरवलं. झडपा बदलायला तीन वर्षं लागली: आता इंजिन पेटवून, विझवून, पुसून, तेच उडवता येतं. चौथ्या वर्षी तीसच्या तीस चालली आणि चंद्रावरचं पहिलं पाऊल आमच्या माणसाचं पडलं. अमेरिकनांचं उड्डाण पुन्हा पुन्हा ढकललं गेलं, ते पाच महिने मागे राहिले. प्रोखोरला पदक मिळालं. योग्यच होतं, त्या तीसांवर त्याचा हात होता. सन्मानाच्या यादीत माझं नाव नव्हतं. बॉयलरखान्यात मात्र मी अजून आहे. इंजिन फाटलं तर झाडू टळेल, असं वचन डायरेक्टरने दिलं नव्हतं, आणि तो त्याने खरोखरच निवडून दिला.

चंद्रावर उतरलेला माणूस गोर्देयेव नव्हता. त्याचं वय तोवर उलटलं होतं.

मे महिन्यात तो कारखान्यात आला, फुलं घ्यायला, भाषण करायला. कॅन्टीनमध्ये दुपारी त्याला मधल्या टेबलावर बसवलं. मी राखेची बादली घेऊन मागच्या दाराने जात होते. ल्यूबाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

"अहो," त्याने हाक मारली. "ती सहीवाली तुम्हीच का?"

"मीच."

मी बादली खाली ठेवली. हात एप्रनला पुसून पुढे केला. का केला, माहीत नाही.

त्याने तो घेतला नाही.

"तिथं माझं पाऊल असतं," तो म्हणाला. "ते तुम्ही खाल्लंत. तुमचं तोंड बघायचीही माझी इच्छा नाही."

कोपऱ्यातून कुणीतरी टेबलावर मूठ आपटली, त्याच्या बाजूने. मग आणखी दोघांनी.

मी त्याच्या हाताकडे बघत होते. त्या हाताने काळ्या पावाचा तुकडा तोडला, कोबीच्या सूपमध्ये बुडवला, तोंडात घातला. तो चावत होता. कानाखालचं हाड हलत होतं. ल्यूबाने त्याला सूप तळातून वाढलं होतं, मांसाच्या तुकड्यांसकट, आणि तो सगळं संपवत होता.

त्याची वाटी रिकामी होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले. मग बादली उचलली.