नानासोचा मुका शिनेमा

नानासोला शिनेमा काढायचा हुता. आवाजाचा न्हाई, मुका. मुंबईच्या पावण्याकडनं कॅमेरा आणलेला, तवापास्नं गड्याचा पाय जमिनीवर ठरंना. हाऊस दांडगी, अक्कल तेवढी बेताची.

गोष्ट काय, तर तमाशाच्या थेटरात नाचणारी बाई गिऱ्हाइकाला विडा द्यायला जाती न् दर खेपंला त्याच्या अंगावर पडती. झालं! वा रं कलावंत! बाई मीच, अंजना, फलटणच्या थेटरात खरोखर नाचणारी. गिऱ्हाईक तो स्वतः. ते बी खरंच, आठ वर्सांपास्नं.

मी कबूल झाले ती माझ्या बनूसाठी, गडी खूष झाला तर माझं ऐकंल म्हणून. पोरगी सात वर्सांची झालेली. शाळंचा मास्तर म्हणायचा, बापाचं नाव आण, मग शाळंत घेतो. बाप समोरच बसलेला, मिशा चिकटवून. किती येळा पाया पडले, "आवं, पोरीला नाव द्या." त्याचं आपलं एकच, "बघू की."

कॅमेरा सुरू झाला तवा म्हणाला, "काय बी बोल. आवाज येत न्हाई, नुस्तं त्वांड हलव."

मग काय! हसत हसत त्याच्या मांडीवर पडले न् म्हटलं, "नानासो, बनू तुझी हाय. नाव दे तिला, मुडद्या!" परत पडले, परत तेच. सहा खेपा. शहाणा खूष. "लय झ्याक करतीस गं!"

गणपतीत साखर कारखान्याच्या कॉलनीत पडदा लावला. मी बी कडंला उभी. म्होरं मिलहाऊसची, ऊस गाळायच्या खात्यातली माणसं बसलेली. तिथं यंत्रांच्या धडधडाटात कानाला काय लागत न्हाई, म्हणून ही माणसं ओठांवरनं बोलणं ओळखत्यात. मला ते तवा कुठं ठावं!

पयल्यांदा पडले, सगळी हसली. दुसऱ्यांदा निम्मी. तिसऱ्यांदा कुणीच न्हाई. नानासो एकटाच खिदळत हुता.

"आरं हसा की! इनोद हाय!"

"नानासो," निजाम फिटर म्हणाला, "बनू कोण?"

त्याचं हसू तिथंच वाळलं. "तुला कुणी सांगितलं?"

"ही काय, पडद्यावरची बाई सांगतीया की. कवाधरनं."

मागनं नानासोचा बाप उठला. आप्पासो, तीस वर्सं मिलहाऊसचा फोरमन. मला वाटलं, आता हा म्हातारा सगळ्यांदेखत मला हाकलून देणार. पण त्यानं पोराकडं बघितलंसुदीक न्हाई. सरळ माझ्याम्होरं येऊन उभा ऱ्हायला.

"उद्या पोरीला शाळंत घिऊन ये," म्हणाला. "मास्तराला सांग, नाव लावायला तिचा आजा येतोय."