लांब हार

बाबांचा फोटो मोठा करून आणायचं ठरलं, आणि आमच्या घरात बाबा कोणते यावरून भांडण लागलं.

ऐकायला वेडगळ वाटेल, पण घडलं ते असंच. वलगावच्या आमच्या घरात बाबांचा एकुलता एक फोटो होता. छप्पन साली मंडळी नागपूरहून दीक्षा घेऊन परतली, त्या आठवड्यातला. बाबांचा धाकटा भाऊ खुशालकाका अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तिथला एक साहेब गाव सोडून जाताना त्याला डब्यासारखा कॅमेरा आणि एक रोल देऊन गेला. रोलवर मुदत छापलेली होती, एकावन्न सालची. माझा भाऊ देवीदास, त्यानं ती मोठ्यानं वाचूनही दाखवली. काका म्हणाला, "तारीख कोर्टात पडते रे. फोटोले काहून पायजे तारीख?"

झालं. चुन्यानं नुकत्याच पोतारलेल्या भिंतीसमोर नवे पांढरे कपडे घालून बाबा आणि काका उभे राहिले. पुढे बाजेवर आई बसली, तीही पांढऱ्या लुगड्यात. देवीदासनं खटका दाबला. मी तेव्हा मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी अमरावतीला होते, नाहीतर मीही त्या धुक्यात गेले असते.

कारण निघालं ते धुकंच. वऱ्हाडातले उन्हाळे खाल्लेला रोल तो, दुसरं काय देणार? आई ओळखू आली, कारण बाई एकच होती. मागे दोन पांढरे पुरुष. एकाला पुसटसे नाक-डोळे होते. दुसऱ्याला तोंडच नव्हतं, मानेवर नुसता पांढरा डाग. बाबांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "आमी दोघं भाऊ पीठ दयून आलो काय?" आम्ही पोट धरून हसलो. कोण कुठला हे विचारायची कोणाला गरज पडली? माणूस समोर असताना फोटो कोण बघतो?

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात बाबा गेले. वर्षाच्या कार्यक्रमाला भिंतीवर त्यांचा फोटो हवा, एवढाच आईचा ध्यास. "मले त्याहीचं तोंड पायजे," ती म्हणायची, "दिवसेंदिवस इसरून राहिली मी." मीही विसरत चालले होते.

अख्खा फोटो लावून चालणार नव्हतं. हार घालायचा, तर त्यात जितं माणूस नको. शकुन-अपशकुन आम्ही नागपुरातच सोडून आलो होतो खरे, पण जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायला कोणाचाच हात धजेना. म्हणजे दोघांतला एकच वेगळा काढून मोठा करायचा. पण कोणता?

देवीदास म्हणाला, "उजवीकडचे बाबा. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं." मग त्यालाच आठवलं, की कॅमेऱ्यावरच्या काचेत उजवं ते डावं दिसतं. मग म्हणाला डावीकडचे. मग पुन्हा उजवीकडचे. संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःचा जेवायचा हात कोणता, याचीही खात्री राहिली नाही. आईला विचारलं तर ती वैतागली. "मी पुढं बसली होती. मले पाठीले डोये हायेत काय?"

मला वाटलं, हात बघावे. काकाच्या डाव्या हाताची करंगळी फोटोच्या आधीच जिनाच्या पट्ट्यात गेली होती. पण फोटोत सगळे हात म्हणजे कणकेचे गोळे. मी भिंग घेऊन बसले. खांद्यावरून, उभं राहायच्या ढबीवरून, कशावरूनही ओळखीन, असा माझा तोरा होता. आणि मला माझा बाप ओळखता येईना. मला स्वतःची फार लाज वाटली.

शेवटी अकोल्याहून काका आला. फोटो हातात घेतला न घेतला, तोच म्हणाला, "हा तोंडवाला, तो देवमनदादा. बिनतोंड्या हाये तो मी."

"इतकं पक्कं?" मी विचारलं.

"मी कोठी उभा होतो, मले मालूम नाही का?"

आई वर्षभरात पहिल्यांदा हसली. "भाऊजी, हाराले भेता काय? सोताचा जीव वाचवून राहिले!"

"भेतो ना वयनी. लेकरंबाकरं हायेत मले."

आम्ही त्याची भरपूर टर उडवली, आणि घोळ मिटला.

अमरावतीचा फोटोवाला म्हणाला, "रोल जुना आहे बाई, डाग राहतील." चेहरा उठून यावा म्हणून त्यानं गडद छापला. एसटी स्टँडवरच मी फोटोवरचा कागद सोडला. चेहरा उठला होता, पण दोघे भाऊ तोंडावळ्यानं सारखेच, त्यावरून काय कळणार? मात्र गडद छापल्यामुळे धोतरावरचा डावा हातही उठला होता. त्याला करंगळी नव्हती. मी फोटो उन्हात धरला, तिरका धरला. करंगळी जिनानं खाल्ली, की रोलवरच्या डागानं? वलगाव येईपर्यंत मला काही उमगलं नाही. आणि हा काका असेल, तर बिनतोंड्या ते बाबा. म्हणजे बाबांचं तोंड आता कुठंच नव्हतं.

वर्षाच्या दिवशी फोटो भिंतीवर चढला. आई त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. "आले," एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. मी काकाकडे पाहिलं. त्यानं डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला होता.

"वयनी," तो म्हणाला, "हार जरा लांब पायजे. खालपावतो."

मोगऱ्याचा दुसरा हार जोडून लांब केला. काकानं तो स्वतःच फोटोला घातला, मेणबत्ती लावली, आणि वाकून हात जोडले. हाराला भिणारा माणूस तो! आईला सांगावं की नाही, सांगितलं तर तिच्याकडे काय उरेल, मला काही सुचेना.

आठ दिवसांनी मोगरा सुकला, हार आक्रसला आणि तो हात उघडा पडला. मी घाईनं तो बदलायला गेले, तर आई आधीच नवा हार ओवत बसलेली. चांगला हातभर लांब.

"इतका लांब काहून, आई?"

तिनं उठून हार घातला. तो हात झाकेपर्यंत खाली ओढला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजीले सांगजो नको शालू, मले समजलं म्हून."